राळेगणसिद्धी आणि खाऱ्या तळ्याचे गाव

राळेगणसिद्धीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक पाण्याविषयी आहे. नालाबांध, पाझर तलाव, विहिरींना चढलेले पाणी ह्यांची वर्णने शालेय पुस्तकांपासून सरकारी अहवालांपर्यंत सर्वत्र सापडतात. आम्हांला येथे पाण्याविषयी लिहावयाचे नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील ह्या गावाने १९७५ नंतरच्या काही वर्षांत आपले खचलेले मन कसे सावरले, आणि ते सावरताना कोणती चूक केली, हा आमचा विषय आहे.

हा विषय आम्हांला सुचला तो मात्र पारनेरात नव्हे. २०२२ च्या जुलै महिन्यात पोप फ्रान्सिस कॅनडाला गेले होते. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना चालवत नव्हते. ते चाकांच्या खुर्चीवर होते. २५ जुलै रोजी मास्क्वासिस येथे आणि २९ जुलै रोजी उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील इकालुइट येथे त्यांनी तेथील मूळ रहिवाशांपुढे क्षमा मागितली. इकालुइटला त्यांच्यासमोर बसले होते ते इनुइट लोक. आपल्या लहानपणीच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना 'एस्किमो' म्हटलेले असे; ते नाव त्यांना आवडत नाही. त्या वार्ता वाचताना कॅनडातील एका लहानशा गावाचे नाव आम्हांला आठवले, आणि त्या नावामागोमाग राळेगण आठवले. दोन्ही गावे दारूने पोखरलेली होती. दोन्ही गावांनी जवळजवळ एकाच काळात दारू सोडली. दोन्ही गावांनी ती परक्याच्या औषधाने नव्हे, तर आपापल्या देवाधर्माच्या आणि चालीरीतीच्या आधाराने सोडली. ह्यांपैकी एका गावाच्या जखमेत आपल्या ख्रिस्तसभेचाही हात होता, म्हणून ही हकिगत आपल्या कुटुंबांत वाचली जावी असे आम्हांला वाटते.

प्रथम राळेगण. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. १९७२ च्या दुष्काळाने तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर माणसे जगत होती, सावकाराचे देणे वाढत होते, आणि ह्या सर्वांवर उपाय म्हणून गावात हातभट्ट्या लागल्या होत्या. तीस ते चाळीस भट्ट्या होत्या असे सांगतात. शेतात पिकत नाही तेव्हा दारू गाळणे हा धंदा होतो, आणि धंदा घरात आला की घरचा माणूस पहिला गिऱ्हाईक होतो. यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडही काढून भट्टीखाली जाळले गेले, ही गोष्ट राळेगणची जुनी माणसे सांगत आली आहेत. तीत गावाची सारी अवस्था आली. ज्या गावाला आपल्या देवळाचे खांब सरपण म्हणून दिसू लागतात, त्या गावाचा देवावरचा विश्वास उडालेला असतो असे नव्हे. स्वतःवरचा उडालेला असतो.

किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातील वाहनचालकाची नोकरी संपवून गावी परतले. त्यांच्याजवळ भविष्यनिर्वाह निधीची थोडी रक्कम होती. तिच्यातून त्यांनी शाळा बांधली नाही, विहीर खोदली नाही. मंदिराची दुरुस्ती काढली. आमच्यासारख्या सेमिनरीत शिकलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटण्याचा संभव आहे. भुकेल्याला आधी भाकर, हे आपण शुभवर्तमानातून शिकलो. पण त्या क्रमात एक शहाणपण होते. दुरुस्ती सुरू झाली तसे लोक आधी बघायला आले, मग हात लावायला आले, आणि भट्टीवाल्यांची पोरेही दगड उचलू लागली. वर्षानुवर्षे ज्या गावाने मिळून काही केले नव्हते, ते एकत्र आले ते अशा एका कामासाठी की ज्यात कुणाचा स्वार्थ नव्हता आणि कुणाची हारही नव्हती. हजारे स्वतः त्या मंदिराच्याच एका खोलीत राहू लागले.

पुढे तरुणांचे मंडळ झाले, आणि दारूबंदीचा ठराव ह्याच मंदिरात झाला. ह्या जागेचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या कचेरीतला ठराव हा कागद असतो. तो मोडला तर फार तर दंड होतो. देवळात सर्वांसमक्ष घेतलेली शपथ मोडणे म्हणजे देवाशी आणि गावाशी बेइमानी. बहुसंख्य भट्ट्या त्या शपथेनंतर मालकांनी आपण होऊन मोडल्या. ज्यांनी मोडल्या नाहीत, त्यांच्या तरुणांनी मोडल्या.

वारकऱ्यांचा हा मुलूख आहे. येथे दारू सोडण्याचा एक मार्ग अण्णांच्या कितीतरी आधीपासून होता: माळ घालणे. तुळशीची माळ गळ्यात आली की मद्य आणि मांस सुटले. ह्या रीतीतले मर्म आमच्या ध्यानी फार उशिरा आले. पिणाऱ्याला सोडताना सर्वांत मोठी अडचण पोटाची नसते, मित्रांची असते. 'एक घोट घे, नाही म्हणतोस म्हणजे आम्हांला हलके समजतोस,' ह्या आग्रहापुढे तो हरतो. गळ्यात माळ असेल तर आग्रह करणाराच हात मागे घेतो. नाही म्हणण्याची लाज माळ आपल्या अंगावर घेते. पाश्चात्त्य मानसोपचारात नकार देण्याचे कौशल्य रुग्णाला अनेक बैठकांतून शिकवावे लागते. येथे ते एका सुतात ओवलेले होते. राळेगणच्या शपथेला बळ आले ते ह्या जुन्या जमिनीतून.

शपथेनंतर दिवसाच्या रिकाम्या वेळाचे काय, ह्याचेही उत्तर गावाने शोधले. श्रमदान, धान्यकोश, सामुदायिक विवाह ही त्याची रूपे होत. तंबाखू-विड्यांची होळी केली गेली. गावच्या शाळेत इतर ठिकाणी नापास झालेल्या मुलांना आवर्जून घेतले जाई, ही गोष्ट आम्हांला बंधाऱ्यांपेक्षा मोठी वाटते. नापासाचा शिक्का बसलेला मुलगा आणि दारुड्याचा शिक्का बसलेला बाप ह्यांचे दुखणे एकाच जातीचे आहे. नगरच्या सोशल सेंटरमधून काम करणारे स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाकर ह्यांनी पुढे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभारला, तेव्हा श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे राळेगणचे नियम त्यांना उपयोगी पडले. राळेगणच्या नियमांत नसबंदीही होती. तिच्याविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे. तिच्याशी आमचे मत जुळते, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

आता चुकीविषयी. शपथ मोडून पिणाऱ्याला आधी समज दिली जाई, मग मंदिरात नेऊन पुन्हा वचन घेतले जाई, आणि तरीही तो प्यालेला सापडला तर त्याला खांबाला बांधून सैन्यातल्या कमरपट्ट्याने फोडले जाई. अण्णांनी हे कधी लपवले नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसे हे आहे, अशा अर्थाचे समर्थन त्यांनी वेळोवेळी केले. २०११ साली देशभर गाजलेल्या आंदोलनानंतरही त्यांनी ह्या शिक्षेची बाजू घेतली. अनेक पाहुणे हा भाग हसून सोडून देतात. आम्हांला तो सोडवत नाही. ज्या ख्रिस्ताची मूर्ती आमच्या वेदीवर आहे, त्यालाही खांबाला बांधूनच फटके मारले होते. त्या खांबाकडे पाहण्याची सवय झालेल्या माणसाने दुसऱ्या खांबाकडे काणाडोळा करू नये.

मुकुल शर्मा ह्या अभ्यासकाने २००६ साली राळेगणच्या ह्या नैतिक सत्तेची कठोर चिकित्सा केली. तिचा रोख फटक्यांपेक्षा खोल होता. गावाची संस्कृती म्हणजे नेमकी कोणाची, असा तो प्रश्न होता. मंदिर, माळ आणि शाकाहार ही ज्यांची परंपरा, त्यांना तो नियम घरचा वाटला. ज्या दलित कुटुंबांच्या ताटात मांस होते, त्यांच्यावर तोच नियम वरून येऊन बसला. न्यायासाठी हेही नोंदवले पाहिजे की ह्याच गावात सवर्णांनी दलितांच्या शेतात श्रमदान करून त्यांचे कर्ज फेडायला हातभार लावला, आणि असे प्रसंग आपल्या जिल्ह्यात काही रोज घडत नाहीत. तरीही प्रश्न उरतो. नगर जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्ती घरांतील पुष्कळांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचेच होते. ज्या मंदिराच्या पायरीला त्यांना शिवता येत नव्हते, त्या मंदिरात घेतलेली शपथ त्यांच्या मनावरची जखम भरू शकली असती काय?

हा प्रश्न मनात ठेवून आम्ही दुसऱ्या गावाकडे वळतो.

कॅनडाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया प्रांतात विल्यम्स लेक नावाचे शहर आहे. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर शुश्वाप लोकांची आल्कली लेक ही वस्ती आहे. आल्कली लेक म्हणजे खारे तळे. तीनचारशे वस्तीचे गाव, राळेगणहून लहान. १९६० नंतरच्या दशकात ते इतके बुडाले होते की शेजारपाजारचे लोक त्याला थट्टेने 'अल्कोहोल लेक' म्हणत. बायका, पुरुष आणि पोरे सारीच पीत. १९७२ च्या सुमारास फिलिस चेल्सी नावाची तेथील एक आई आपल्या मुलांना आजीच्या घरून न्यायला गेली. सात वर्षांच्या मुलीने यायला नकार दिला. तुम्ही दोघे पिता, म्हणून मी येणार नाही, एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून फिलिसने पिणे सोडले. काही दिवसांनी पती अँडी ह्यांनी सोडले. मग पुष्कळ काळ सबंध गावात न पिणारी माणसे जवळजवळ ही दोनच होती.

त्यांच्या सोबतीला एक तिसरा माणूस होता, आणि तो आपल्या ख्रिस्तसभेचा होता. ऑब्लेट संघाचे ब्रदर एड लिंच हे तेथे 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या बैठका घेत. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून निघाली. तिचे तंत्र साधे आहे. वर्तुळात बसायचे, आपण हरलो हे कबूल करायचे, वरिष्ठ शक्तीवर भार टाकायचा, आणि एका वेळी एकच दिवस काढायचा. बैठकीला माणसे फार येत नसत. तरी खुर्च्या मांडल्या जात.

अँडी चेल्सी गावाचे मुख्य झाले तेव्हा त्यांनी वस्तीत येणारी दारू अडवली. सरकारी मदतीचे पैसे हातात न देता त्याऐवजी धान्या-कपड्यांच्या चिठ्ठ्या देऊ केल्या. चोरून विकणाऱ्यांना पोलिसांकडून पकडवले, आणि त्यांत आप्तही सुटले नाहीत. येथपर्यंत हे राळेगणसारखेच कडक. पण जो उपचाराला जायला तयार होई, त्याच्या माघारी गाव त्याची मुले सांभाळी, त्याचे घर दुरुस्त करी, आणि तो परत येई तेव्हा त्याच्यासाठी काम तयार असे. शिवाय जुने विधी परत आणले गेले. तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेने भरलेल्या छोट्या झोपडीत बसून प्रार्थना करण्याची त्यांची प्राचीन रीत गावात कुणाला नीट आठवत नव्हती; इतर जमातींतील वडीलधाऱ्यांना बोलावून ती शिकून घेतली गेली. १९८० नंतरच्या काही वर्षांत गावातील बहुतेक सर्व प्रौढ दारूमुक्त झाले होते. त्यावर निघालेला चित्रपट उत्तर अमेरिकेतील शेकडो आदिवासी वस्त्यांत दाखवला गेला.

राळेगणची गोष्ट येथे संपली असती. आल्कली लेकची संपली नाही. दारूचे झाकण निघाले तेव्हा खाली दुसरेच काही निघाले. शुद्धीवर आलेली माणसे वर्तुळात बसून बोलू लागली आणि एकेकाच्या तोंडून लहानपणीची शाळा बाहेर येऊ लागली. विल्यम्स लेकजवळ सेंट जोसेफ्स मिशन नावाची निवासी शाळा होती. १८९१ ते १९८१ अशी नव्वद वर्षे ती चालली. ती चालवीत असत ऑब्लेट धर्मगुरू. तेथे मुलांना आपली भाषा बोलण्याची मनाई होती. उपासमार होती, मार होता. आणि ज्यांच्या हाती ती मुले सोपवली होती त्यांच्यापैकी काहींनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. पुढे न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवले. ज्या संघाचा एक ब्रदर खुर्च्या मांडून वाट पाहत होता, त्याच संघाची ही शाळा होती. आम्ही ह्या दोन वाक्यांपैकी एकही गाळू शकत नाही.

ही एकाच शाळेची कथा नव्हे. कॅनडात अशा शाळांतून दीड लाखांहून अधिक मुले गेली. त्यांतील मोठा वाटा कॅथलिक संस्थांचा होता. १९२० साली कायद्याने हजेरी सक्तीची केली, आणि मुलाला लपवणाऱ्या आईबापांना शिक्षेचे भय दाखवले. पॉटलॅच नावाचा त्यांचा मोठा दानसमारंभ १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा होता. आपल्या बोर्डिंगांची येथे काही वाचकांना आठवण होईल. नगर जिल्ह्यातही मिशनची बोर्डिंगे होती, कित्येक घरांतली पहिली शिकलेली पिढी तेथूनच निघाली. पण तेथे कोणा पोलिसाने मुले ओढून आणली नव्हती, आणि शिकवले ते मराठीतून. 'निरोप्या' मासिक १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग ह्यांनी सुरू केले, तेही मराठीत. त्याहून मागे, १६१६ साली, इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले आणि शुभवर्तमान आपल्या कानांना ओळखीच्या चालीत ऐकवले. परक्या माणसाने आपल्या भाषेत येणे आणि आपल्याला आपल्या भाषेतून हुसकावणे, ह्या दोन मिशनांमधले अंतर केवढे, हे कॅनडाचा इतिहास वाचल्यावर कळते. ह्यावरून आपल्याकडे सारे निर्दोष होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

इनुइटांकडे पाहिले तर हीच जखम निराळ्या रूपात दिसते. त्यांची मुलेही हडसन उपसागराकाठच्या चेस्टरफील्ड इनलेट येथील कॅथलिक वसतिगृहात नेली गेली. त्याच सुमारास त्यांच्यात क्षयाची साथ होती. डॉक्टरांचे जहाज किनाऱ्याला लागे, छातीचा फोटो काढला जाई, आणि ज्याच्या फोटोत डाग दिसला त्याला बहुधा किनाऱ्यावर परतून निरोपही घेता येत नसे. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेकडील रुग्णालयात होता. कित्येक तेथेच वारले, आणि त्यांची थडगी कोठे आहेत हे घरच्यांना दशकानुदशके कळले नाही. औषध चांगले होते, हेतूही चांगला होता. पण दवाखाना म्हणजे माणूस नेणारे जहाज, असा अर्थ एका सबंध लोकाच्या मनात कोरला गेला.

अशा लोकांकडे पुढे मानसोपचारतज्ज्ञ पोहोचले, ते आपली खोली बरोबर घेऊन. बंद दार, समोरासमोर दोन खुर्च्या, ठरलेला तास, आणि परक्या माणसाला परक्या भाषेत आपल्या मनाचे सांगणे. आत्महत्यांचे प्रमाण इनुइटांत कॅनडाच्या इतर लोकांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि मदतीची गरज मोठी आहे. तरी त्या खोलीत ते गप्प बसत. ह्या गप्प बसण्याला तज्ज्ञ 'प्रतिकार' म्हणत. खरे पाहता तेथील संस्कारात दुसऱ्याच्या मनात न शिरणे ही सभ्यता आहे. प्रश्न विचारून नव्हे, शेजारी बसून, हातातले काम करीत माणूस ओळखायचा असतो. बॅफिन बेटावरील क्लाइड रिव्हर येथे इलिसाक्सिविक नावाची इनुइटांचीच संस्था आहे. तिने इनुइट समुपदेशक तयार केले. ते इनुक्टिटुट भाषेत बोलतात, आणि दुःखी माणसाला कुटुंबासह बर्फावर, तंबूत, शिकारीच्या वाटेवर नेतात. बोलणे तेथे होते. कधी होतही नाही.

आपल्याकडे हा विचार कोणी केलाच नाही असे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाहिया ह्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांच्या आधारे मनोविकारांवर उपचार करून पाहिले. डॉ. जसवंतसिंग नेकी ह्यांनी १९७३ साली असे मांडले की भारतीय रुग्ण डॉक्टरात तटस्थ तज्ज्ञ शोधत नाही, गुरू शोधतो, आणि उपचाराने ह्या नात्याचा उपयोग करावा. आपल्या कॅथलिक परिवारात येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो ह्यांनी पुण्यात आणि मग लोणावळ्यास 'साधना' संस्थेतून श्वास, मौन आणि समुपदेशन एकत्र आणले. १९९८ साली रोमहून त्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना आली हे खरे. पण शेकडो धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना स्वतःच्या मनाकडे पाहायला त्यांनीच शिकवले हेही खरे. फादर ज्यो परेरा ह्यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा' सुरू केली. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार ह्यांच्या योगासनांची जोड दिली. आपल्या वसईकर वाचकांना त्या संस्थेची ओळख करून देण्याची गरज नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट ह्यांनी 'मुक्तांगण' उभारले. व्यसनी माणसाच्या पत्नीलाही आपले दुःख मांडायला वर्तुळ हवे, हे त्या संस्थेने फार लवकर ओळखले.

गडचिरोलीचे उदाहरण तर इनुइटांच्या जहाजासमोर ठेवावे असे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तेथे १९८६ पासून काम करीत आहेत. दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी गोंड लोकांना विचारले. उंच इमारतीचे भय वाटते, नातलगांना राहायला जागा नसते, पांढरे कपडे आम्ही मेलेल्याला घालतो, आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे, असे उत्तर मिळाले. मग झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदीही आली. मोहाचे फूल मात्र गोंडांच्या पूजेतही असते. त्यामुळे बंदी कोठवर आणि प्रथा कोठवर, हा प्रश्न तेथे सोपा नाही. वेदीवर द्राक्षारस अर्पण करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनी तरी तो सोपा समजू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मगुरूंना सांगितले की मेंढपाळाच्या कामात मानसशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही उपयोग करा. आम्ही सेमिनरीत समुपदेशन शिकलो ते ह्याच आज्ञेमुळे. पण शिकलो ते इंग्रजी पुस्तकांतून. त्यांतील रुग्ण म्हणतो, मला निराश वाटते, मला माझ्या वडिलांचा राग येतो. आमच्या धर्मग्रामात असे वाक्य आम्ही कधी ऐकले नाही. येथे बाई म्हणते, छातीत भरून येतं, अंग जड झालंय, घास गिळत नाही. पुरुष म्हणतो, कशात जीव लागत नाही फादर; आणि पुष्कळदा तेवढेही म्हणत नाही. प्रायश्चित्तसंस्कारात तो पापे सांगतो, दुःख सांगत नाही, कारण दुःख हे पाप नव्हे हे त्याला धर्मशिक्षणातच शिकवलेले असते. मग तो दुःख घेऊन जातो तरी कोठे? कोणी भगताकडे जातो आणि आम्हांला सांगत नाही. पुष्कळ जण गुत्त्यावर जातात.

असा एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी पत्नीच्या आग्रहाने आमच्या कचेरीत आला. आम्ही पुस्तकात होते तसे केले. दार लावले, समोर बसलो, शांतपणे प्रश्न विचारले. तो टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला, 'बरं हाय फादर, सोडतो' म्हणाला आणि उठून गेला. सोडली नाही. आम्हीही त्याला प्रतिकार हेच नाव दिले होते, हे आता लिहिताना लाज वाटते. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला पायी जाणाऱ्यांत तो होता. त्याने नवस केला होता. रात्रीच्या चालीत, जपमाळेचा एक भाग संपून दुसरा सुरू होण्याच्या मध्ये, तो आमच्या बाजूला आला आणि पुढे रस्त्याकडे पाहत बोलू लागला. एका बांधावरून भावाशी झालेले भांडण, विहिरीत गेलेली बहीण, तिचा शेवटचा निरोप न ऐकल्याची टोचणी. आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. अंधारात त्याचा चेहरा आम्हांला दिसत नव्हता, आमचा त्याला दिसत नव्हता.

हरेगावला पोचल्यावर त्याने मेणबत्ती लावली आणि मातेसमोर शपथ घेतली. ती त्याने नाताळात मोडली. खांब आमच्याकडे नव्हता. पण त्याला चारचौघांत बोल लावण्याचा मोह आम्हांला झाला हे खरे, आणि त्या वेळी राळेगण आठवले. आता दर शुक्रवारी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर चार-पाच घरचे लोक चॅपेलच्या ओट्यावर बसतात. बायका शेंगा सोलायला घेऊन येतात. पुरुषांपैकी दोघे तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडून औषधही घेतात, आणि कोणाची गोळी चुकली हे त्यांच्या बायकाच आधी सांगतात. तो गृहस्थ नाताळानंतर तीन शुक्रवार आला नाही. चौथ्या शुक्रवारी तो आला, ओट्याच्या कडेला बसला आणि त्याने शेंगांच्या सुपाकडे हात पुढे केला.